'नवकम्मिक' : एका पदनामाचा अर्थविचार

विनयपिटकात विहारव्यवस्थेची अनेक पदनामे आढळतात. शयनासने नेमून देणारा तो सेनासनपञ्ञापक, भोजनाची वाटणी करणारा भत्तुद्देसक, भांडार सांभाळणारा भण्डागारिक. 'नवकम्मिक' हा शब्द याच मालिकेतील होय. 'नवकम्म' म्हणजे नवे बांधकाम. म्हणून बांधकामावर देखरेख ठेवणारा, असा त्याचा अर्थ सामान्यतः दिला जातो. तो चुकीचा नाही, परंतु अपुरा आहे.

या पदाची उत्पत्ती चुल्लवग्गाच्या सेनासनक्खन्धकात सांगितली आहे. वेसालीतील एका दरिद्री शिंप्याने संघासाठी स्वतः चिखल मळून, विटा रचून भिंत उभारली. हात सरावाचा नसल्याने ती वाकडी होऊन कोसळली. असे तीनदा घडले. जे चीवर व भिक्षान्न देतात त्यांच्याच बांधकामाला भिक्खू मार्गदर्शन करतात. आपण दरिद्री, म्हणून आपल्याकडे कोणी पाहत नाही, अशी तक्रार त्याने केली. ती ऐकून भगवंतांनी नवकम्म सोपविण्याची अनुज्ञा दिली. म्हणजे या पदाच्या मुळाशी राजाची आज्ञा नाही, श्रेष्ठींचे धन नाही. एका कष्टकऱ्याचे गाऱ्हाणे आहे.

नवकम्मिकाने विहार लवकर पूर्ण करावा आणि मोडलेल्या-फुटलेल्या भागाची डागडुजी करावी, असे तेथेच सांगितले आहे. म्हणून 'नव' या पदात जुन्याची निगाही अंतर्भूत होते.

त्याची नेमणूक संघासमोर ज्ञप्ती मांडून, संघाच्या संमतीने होत असे. तिला मुदतही होती : लहान विहारासाठी पाच-सहा वर्षे, अड्ढयोगासाठी सात-आठ, मोठ्या विहारासाठी किंवा प्रासादासाठी दहा-बारा. वीस वर्षांसाठी वा आजन्म नवकम्म देण्यास स्पष्ट मनाई होती. नुसता मातीचा गोळा ठेवला, भिंत लिंपली, एवढ्यावर कोणी नवकम्मिक ठरत नसे. त्याला उत्तम अशी एक शय्या मिळे, परंतु ती वर्षावासाच्या तीन महिन्यांपुरतीच राखून ठेवता येई.

हे पद केवळ ग्रंथातच राहिले नाही. इसवी सनपूर्व काळातील भारहुत स्तूपाच्या एका दानलेखात इसिपालित या भिक्खूला 'भाणक' आणि 'नवकमिक' अशी दोन्ही विशेषणे आहेत. धम्मवचनांचे पठण करणाराच बांधकामही पाहत होता.

सारांश, नवकम्मिक हा विहाराचा धनी नव्हे. वास्तू संघाची, नेमणूक संघाची आणि अधिकार मुदतीचा. विहाराची व्यवस्था पाहणाऱ्या प्रत्येकाने हा अर्थ ध्यानी घ्यावा. आणि ज्याची भिंत तीनदा कोसळली, त्या शिंप्याचेही स्मरण ठेवावे.