डासाच्या अंड्यातले तीन लाख खड्डे

पेशीपटल म्हटलं की शाळेच्या पुस्तकातली ती गोल रेघ आठवते ना? लहान रेणूंसाठी त्या रेघेत दारं असतात, ठीक. पण एखादं भलंमोठं प्रथिन किंवा चरबीचा अख्खा कण आत घ्यायचा असेल तर? तेव्हा पटलच आत दबतं, खड्डा होतो, त्याचं तोंड मिटतं आणि एक इवलीशी पिशवी पेशीत सुटते. याला एंडोसायटोसिस म्हणतात. माझं पीएचडीचं काम याच पिशव्यांवर चाललंय.

या शोधाची गोष्ट बहुतेक वेळा 1985च्या नोबेलपासून सांगतात. मला विचाराल तर ती डासापासून सांगायला हवी.

एडिस इजिप्ती, म्हणजे आपल्याकडे डेंग्यू पसरवणारा तोच डास. मादी रक्त प्यायली की तिच्या अंड्यांत बलक भरू लागतो. त्यातलं प्रथिन अंडपेशी स्वतः बनवत नाही, बाहेरून घेते. 1964 साली थॉमस रॉथ आणि कीथ पोर्टर यांनी या अंडपेशी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पाहिल्या. रक्त प्यायल्यावर सात तासांत पटलावरचे खड्डे साधारण 15 पट वाढून एका अंडपेशीवर तीन लाखांच्या घरात गेले होते! आणि प्रत्येक खड्ड्याला पेशीच्या आतल्या बाजूने ब्रशच्या केसांसारखं अस्तर. हे खड्डे नेमकं हवं ते प्रथिन उचलतात, असं त्यांनी तेव्हाच सुचवलं.

अस्तर कशाचं, हे कळायला आणखी दहाबारा वर्षं गेली. केंब्रिजमध्ये बार्बरा पिअर्स यांनी डुकराच्या मेंदूतून अस्तरासकट पिशव्या वेगळ्या केल्या आणि 1976 साली त्यातल्या प्रथिनाला क्लॅथ्रिन नाव दिलं. जाळी या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून. दिसतंही तसंच, विणलेल्या टोपलीसारखं.

त्याच सुमारास अमेरिकेत डॅलसला मायकेल ब्राऊन आणि जोसेफ गोल्डस्टीन एका क्रूर आनुवंशिक आजारामागे लागले होते. आई आणि वडील दोघांकडून बिघडलेला जनुक आला, तर मुलाला शाळकरी वयातच हार्ट अटॅक येऊ शकतो. बऱ्याच रुग्णांच्या पेशींवर कोलेस्टेरॉलवाहू एलडीएल कण पकडणारा रिसेप्टरच नव्हता. एका रुग्णाचं मात्र कोडं होतं. त्याच्या पेशींना एलडीएल व्यवस्थित चिकटायचं, पण आत जायचंच नाही.

उत्तर खड्ड्यांत होतं. अस्तराचे खड्डे पटलाचा जेमतेम 2 टक्के भाग व्यापतात, पण निरोगी पेशीत एलडीएलचे बहुतेक रिसेप्टर तिथेच गोळा झालेले असतात, असं रिचर्ड अँडरसन यांनी दाखवलं. या रुग्णाच्या पेशींत ते खड्ड्यांबाहेर विखुरले होते. कारण 1986 साली सापडलं: रिसेप्टरच्या पेशीत लोंबणाऱ्या शेपटीत टायरोसिनच्या जागी सिस्टीन. आठशेहून जास्त अमिनो आम्लांपैकी फक्त एक!

आज आपल्याकडे घरोघरी घेतलं जाणारं स्टॅटिन यकृताच्या पेशींना जास्त रिसेप्टर बनवायला लावतं. पण ज्यांचे दोन्ही जनुक बिघडलेत, त्यांना त्याचा फारसा उपयोग होत नाही. रिसेप्टरच धड नाही, तर वाढवणार काय? त्या मुलांचं रक्त अनेकदा ठराविक दिवसांनी यंत्रातून फिरवून त्यातलं एलडीएल गाळून काढावं लागतं.