बावन्न रुपये आणि चम्मकचं शेत

गेल्या महिन्यात अकोल्याला घरी गेलो होतो. रात्री जेवणं झाल्यावर बाबांनी कपाटातून लाल फडकं काढलं, गाठ सोडली आणि तेरा रुपये चटईवर मांडले. राणीछाप, चांदीचे. निमित्त असं की, चांदीचा भाव बघून चुलतभावाने घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं होतं, "चौघांचे मिळून बावन्न होतात. एकदमच मोडू, रेट चांगला बसेल." खाली सगळ्यांचे अंगठे. मी पण एक अंगठा टाकला असता, पण रुपये हातात घेऊन बसलो आणि डोक्यात भुंगा शिरला.

आधी हे रुपये आले कुठून ते सांगतो. २००७ सालच्या उन्हाळ्यात अचलपूरचं आमचं जुनं धाब्याचं घर पाडलं. मी तेव्हा नऊ-दहा वर्षांचा, म्हणजे ढिगाऱ्यावर नाचायचं योग्य वय. आतल्या खोलीची मातीची भिंत पाडताना मिस्त्रीबरोबरच्या एका पोराची सब्बल ठण्णकन वाजली. त्याने हाताने माती उकरली आणि पितळेचा एक गडू बाहेर काढला. तोंडाला कापडाचा बोळा, आत रुपये. त्याने तो गडू आणून सरळ मोठ्या काकांच्या हातात दिला. मोजले, बावन्न भरले. मोठे काका म्हणाले, "देवानं देल्लं, घ्या बा गुमान." चार भाऊ, प्रत्येकी तेरा. हिशोब इतका चोख बसला की घरात सगळ्यांना तो शुभशकुनच वाटला. त्या पोराला दोनशे रुपये, एक शर्टपीस आणि त्या दिवशीचं जेवण. ही गोष्ट आमच्याकडे दर दिवाळीला लक्ष्मीपूजनाच्या वेळी सांगितली जाते, आणि त्यात त्या पोराचं नाव कधीच येत नाही. कारण कोणाला आठवत नाही.

असो. तर मी रुपये उलटून पालटून बघत होतो. लॉग फाईल बघायची सवय, दुसरं काय! बाबांच्या तेरांमध्ये सगळ्यात नवा १८९२ चा. बाकीच्या तिन्ही घरांतून फोटो मागवले (चुलतभाऊ खूश झाला, त्याला वाटलं मी भाव काढतोय). बावन्नच्या बावन्न व्हिक्टोरियाचे. सातव्या एडवर्डचा एकही नाही, पंचम जॉर्जचा एकही नाही. एडवर्डचे रुपये १९०३ पासून निघाले. म्हणजे कोणीतरी गडू भिंतीत लिंपला तो बहुधा त्याआधीच. आणि आमच्या पणजोबांनी ते घर विकत घेतलं १९३१ साली. खरेदीखत बाबांकडेच आहे. थोडक्यात, 'आपल्या पूर्वजांनी ठेवलेलं धन' हे जे आम्ही दर दिवाळीला म्हणतो ते साफ खोटं आहे. पूर्वज होते, पण दुसऱ्या कोणाचे तरी.

भिंतीत पैसे कोण लिंपतं, असं आज वाटेल. त्या काळच्या वऱ्हाडात मात्र ते शहाणपण होतं. त्याआधी कित्येक पिढ्या निजाम आणि नागपूरकर भोसले या दोघांनीही वऱ्हाडातून वसूल घेतलेला. १८०३ मध्ये अडगावची लढाई आणि पाठोपाठ गाविलगडचा पाडाव, दोन्ही इथेच, आमच्या अंगणात. अशा मुलखात घरात चमकेल असं काही ठेवू नये हे लोकांना कोणी शिकवायला नको. मग १८६१ ते ६५ अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस मँचेस्टरला जाईना, आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. आगगाडी १८६७ मध्ये नागपूरला पोचली, वाटेत अकोला, बडनेरा. कापूस गेला आणि चांदी आली. ती ठेवायची कुठे? पोस्टाची बचत बँकसुद्धा १८८२ ची. तेव्हा भिंत, चूल, गोठा. (तोळ्याचं वजनच या रुपयावरून धरलेलं, त्यामुळे रुपया हा मोजायचा पैसा आणि वजनाची चांदी, दोन्ही. लपवून ठेवायला याहून सोयीचं काय असणार?)

आता मुद्दा. सापडलेला पैसा कोणाचा?

रस्त्यात सापडलेल्या पैशाबद्दल कायदा बऱ्यापैकी माणुसकीने बोलतो. १८६० च्या दंडविधानात कलम ४०३ खाली उदाहरणं दिली होती. रस्त्यावर एक रुपया सापडला, कोणाचा माहीत नाही, उचलला, तर गुन्हा नाही. पण पाकीट पडताना पाहिलं, परत द्यायला म्हणून उचललं आणि नंतर मन बदललं, तर गुन्हा. किमती अंगठी सापडली आणि मालक शोधायचा प्रयत्नही न करता विकली, तरी गुन्हा. १ जुलै २०२४ पासून त्या जागी भारतीय न्याय संहितेचं कलम ३१४ आलं. पण हे झालं हरवलेल्या वस्तूचं, जिचा मालक कुठेतरी खिसे चाचपत उभा आहे. भिंतीतल्या गडूचा मालक शंभर वर्षांपूर्वी गेलेला. त्याला वेगळा कायदा आहे, १८७८ चा निखात निधी अधिनियम, आणि तो आजही लागू आहे. (मूळ कायदा आला तेव्हा वऱ्हाड कागदोपत्री निजामाचंच होतं, इंग्रजांकडे फक्त कारभार. ब्रिटिश हिंदुस्थानातले पुष्कळसे कायदे इकडे रीतसर लागू केले ते १९४१ च्या बेरार लॉज ॲक्टने. वऱ्हाडी माणसाचं सगळंच असं आडवळणाने.)

रात्री साडेबाराला मोबाईलवर तो कायदा वाचला. जमिनीत किंवा जमिनीला जोडलेल्या कशातही लपवलेली किमती वस्तू म्हणजे निधी; भिंत आली त्यात. किंमत दहा रुपयांच्या वर असेल, तर सापडणाऱ्याने कलेक्टरला लेखी कळवायचं आणि माल सरकारी खजिन्यात ठेवायचा किंवा जामीन द्यायचा. कलेक्टर जाहीर नोटीस काढणार, दावेदारांना चार ते सहा महिन्यांची मुदत. गेल्या शंभर वर्षांत आपणच किंवा आपल्या पूर्वजाने ते पुरलं असं कोणी सिद्ध केलं तर त्याचं. नाही तर निधी बेवारस, आणि वेगळा करार झालेला नसेल तर वाटणी अशी: तीन चतुर्थांश सापडणाऱ्याला, एक चतुर्थांश जागेच्या मालकाला.

मी उठून बसलो. बावन्नचे तीन चतुर्थांश म्हणजे एकोणचाळीस. ते त्या पोराचे. आणि जागेचे मालक म्हणून आम्हा चारही घरांना मिळून तेरा! म्हणजे आज बाबांच्या एकट्याच्या फडक्यात जेवढे आहेत, तेवढेच.

सकाळी चुलतभावाला फोन केला. तो वकिली थाटात म्हणाला, "दोनशे रुपये त्याने घेतले ना? मग झाला करार." मोठ्या काकांनी त्याच्या हातातून फोन घेतला, "तुले कायची पंचाईत पडली बे? मजुरी देल्ली होती त्याले." हा मजुरीचा मुद्दा मला वाटला तितका हलका नाही. आपण पगार देऊन काम करून घेतो, तेव्हा कामात जे निघेल ते आपलं, असं माझी कंपनीसुद्धा माझ्या कोडबद्दल म्हणतेच. आणि गंमत म्हणजे कौटिल्यानेही हा फरक केलेला आहे. अर्थशास्त्रात निधी सापडल्याचं कळवणाऱ्याला सहावा हिस्सा आहे, पण तो पगारी माणूस असेल तर बारावा. आमच्या हिशोबात साधारण सव्वाचार रुपये. (राणीछाप सव्वाचार, आपले नव्हे.) मात्र त्याच जागी कौटिल्य असंही सांगतो की, वाडवडिलांचा निधी म्हणून कोणी दावा केला आणि पुरावा दिला नाही तर पाचशे पण दंड, आणि गुपचूप लाटला तर हजार. मनूने तर निधीवर खोटा हक्क सांगणाऱ्याला त्याच्या स्वतःच्या मालमत्तेचा आठवा हिस्सा दंड लावलाय. याज्ञवल्क्याचं म्हणणं, सांगितलं नाही आणि मागाहून कळलं, तर निधी काढून घ्यावा आणि वर दंडही करावा.

हे सगळे लोक हिश्श्यावरून एकमेकांशी भांडतात. सहावा, बारावा, राजाचा किती, ब्राह्मणाचा किती. पण एका गोष्टीवर कौटिल्यापासून १८७८ च्या इंग्रज साहेबापर्यंत सगळ्यांचं एकमत आहे: सापडलं की सांगा. शिक्षा आहे ती दडवण्याला.

आणि इथे मला चम्मक आठवलं. अचलपूरपासून जेमतेम दोन कोसांवरचं गाव. लहानपणी बसच्या पाटीवर नाव वाचलेलं, यापलीकडे संबंध नाही. १८६८ च्या सुमारास तिथल्या एका शेतात नांगरताना तांब्याचे सात पत्रे सापडले. वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचा ताम्रपट, पाचव्या शतकातला. हा राजा म्हणजे चंद्रगुप्त विक्रमादित्याची मुलगी प्रभावतीगुप्ता हिचा मुलगा. पुढे फ्लीटने आणि नंतर आपल्या वा. वि. मिराशींनी तो संपादित केला. त्यात राजाने भोजकट राज्यातलं चर्मांक नावाचं गाव, म्हणजे हेच चम्मक, एक हजार ब्राह्मणांना दान दिलंय. सोबत सवलतींची लांब यादी. शिपाई गावात शिरणार नाहीत, फुलं-दूध मागणार नाहीत, वेठ लावणार नाहीत. आणि त्या यादीतले दोन शब्द आहेत 'सनिधि' आणि 'सोपनिधि'. पुरलेल्या धनासकट आणि ठेवींसकट. म्हणजे एरवी जमिनीत सापडलेलं धन राजाचं, पण या गावापुरता त्याने तो हक्क सोडून दिला. (जुन्या अकोला जिल्ह्यातल्या वाशिमला १९३९ मध्ये उजेडात आलेल्या विंध्यशक्तीच्या ताम्रपटातही अशी यादी आहे, तीही प्राकृतात. औपचारिक भाग संस्कृतात आणि कामाचं प्राकृतात, आपल्या ऑफिसच्या मेलसारखं.)

चम्मकच्या लेखात एक अटही आहे. हे ब्राह्मण राजद्रोह, चोरी, व्यभिचार, दुसऱ्या गावांना उपद्रव असलं काही करणार नाहीत तोवरच गाव त्यांचं. केलं, किंवा करणाऱ्याला नुसती मान डोलावली, तरी राजाने जमीन काढून घेणं ही चोरी नव्हे. दीड हजार वर्षांपूर्वीच्या राजालाही स्वतःचंच दान परत घेताना 'ही चोरी नव्हे' असं आधी लिहून ठेवावंसं वाटलं, याची मला मोठी मौज वाटते.

तो ताम्रपट चम्मकचा म्हणून प्रसिद्ध झाला. गावाचं नाव लागलं, राजाचं लागलं, नांगर धरणाऱ्याचं काही लागलं नाही. त्यालाही कोणी शर्टपीस दिला असेल का?

आमच्या पोराचं बघायला गेलं तर कायद्याने तोही चुकला. त्याने कलेक्टरला कळवलं नाही, आणि न कळवणाऱ्याचा हिस्सा सरकारजमा होतो, वर वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते. त्याला फूस देणाऱ्या जागामालकालाही सहा महिन्यांपर्यंत. पण मला सारखा तो गडूच दिसतो. भिंतीपाशी तो एकटाच होता. त्याच्या जेवणाच्या पिशवीत गडू आरामात मावला असता, आणि आम्हाला जन्मात कळलं नसतं. त्याने समोर दिसणाऱ्या मोठ्या माणसाला सांगितलं. सांगायचं काम त्याने केलं होतं. पुढे सांगायचं होतं आम्ही, आणि आमच्या घरात कलेक्टर कचेरीत कामाला असलेले दोघं जण होते!

बाबांना म्हटलं, आपले तेरा त्याला देऊ. बाकीच्यांचं त्यांच्यापाशी. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "त्याले आता कुठी पाह्यतं?"

गेल्या रविवारी परतवाड्याला त्या मिस्त्रींकडे गेलो. ते आता फार थकले आहेत, पण गडू लख्ख आठवतो. पोरगा चिखलदऱ्याकडचा होता म्हणाले, दोन उन्हाळे त्यांच्याकडे कामाला होता. गावाचं नाव सांगितलं. त्याचं नावही सांगितलं (इथे लिहीत नाही, त्याला विचारलेलं नाही). निघताना त्यांनी विचारलं, "तुमच्या काकाजीले माहीत हाये का हे?" मी हो म्हटलं. खोटं नव्हतं, ग्रुपवर टाकलं होतं. या वेळी अंगठे आले नाहीत.

येत्या शनिवारी जातोय. बाबांनी रुपये नव्या फडक्यात बांधून दिलेत. काल रात्री मोजले तर बारा भरले. आईला विचारलं. ती म्हणाली, एक देव्हाऱ्यात ठेवलाय, दिवाळीला लागतो.