जेसी आर्म्स बोटके

जेसी आर्म्स बोटके (२७ मे १८८३ – २ ऑक्टोबर १९७१) या अमेरिकन चित्रकार होत्या. सोन्याच्या वर्खाच्या पार्श्वभूमीवर रंगवलेले पांढरे मोर, हंस, काकाकुवा इत्यादी पक्ष्यांच्या अलंकरणात्मक चित्रांसाठी त्या ओळखल्या जातात. त्यांनी भित्तिचित्रेही रंगवली.

प्रारंभिक जीवन व शिक्षण

त्यांचा जन्म शिकागो येथे झाला. विवाहापूर्वीचे आडनाव आर्म्स. शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटच्या कलाशाळेत जॉन व्हँडरपोल यांच्या हाताखाली त्या शिकल्या. मेन राज्यातील ओगन्क्विट या किनारी गावात चार्ल्स वुडबरी यांच्या उन्हाळी वर्गालाही त्या जात. हे शिक्षण मानवाकृती आणि निसर्गदृश्य यांचे होते. पक्ष्यांचा विषय त्यांना शाळेत नव्हे, नोकरीत मिळाला.

हर्टर लूम्स आणि मोर

१९११ च्या सुमारास त्या न्यू यॉर्कमध्ये आल्बर्ट हर्टर यांच्या हर्टर लूम्स या कारखान्यात काम करू लागल्या. तेथे श्रीमंत घरांसाठी टॅपेस्ट्री, म्हणजे चित्रे विणलेले भिंतीवरचे पडदे, आणि इतर गृहसजावट तयार होई. अभिनेत्री बिली बर्क यांच्या भोजनगृहासाठी मोरांची लांब चित्रपट्टी करण्याचे काम आर्म्स यांच्याकडे आले. पांढरा मोर कसा दिसतो हे पाहण्यासाठी त्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयात गेल्या आणि हा पक्षी त्यांच्या चित्रांत कायमचा आला.

पांढरा मोर ही वेगळी जात नाही. भारतीय मोराच्याच पिसांत रंगद्रव्य नसले की तो पांढरा दिसतो. डोळे मात्र रंगीत असतात. निळ्या मोरात रंगच नजर वेधून घेतो, तर पांढऱ्यात पिसाऱ्याची रेषा आणि विणकामासारखी घडण उरते. टॅपेस्ट्रीचे आराखडे काढणाऱ्या हाताला त्याचे आकर्षण वाटले, यात नवल नाही.

विवाह व भित्तिचित्रे

१९१५ मध्ये त्यांनी मूळचे नेदरलँड्सचे चित्रकार व एचिंगकार कॉर्नेलिस बोटके यांच्याशी विवाह केला. शिकागो विद्यापीठाच्या आयडा नॉइज हॉलमधील नाट्यगृहाच्या भिंतींवर त्यांनी ‘द मास्क ऑफ यूथ’ हे भित्तिचित्र रंगवले. ते १९१८ मध्ये पूर्ण झाले. ही इमारत विद्यार्थिनींसाठी बांधलेली होती. तिच्या १९१६ मधील समर्पण सोहळ्यात सादर झालेला वेशभूषायुक्त नाट्यप्रयोग हा या चित्राचा विषय आहे.

कॅलिफोर्निया

१९१९ मध्ये बोटके दांपत्य कॅलिफोर्नियातील कार्मेल या कलावंतांच्या वसाहतीत राहायला गेले. १९२० च्या दशकाच्या अखेरीस ते सांता पॉलाजवळील व्हीलर कॅन्यनमध्ये स्थायिक झाले. तेथील शेतावर त्यांनी पक्षी पाळले, त्यामुळे अभ्यासासाठी प्राणिसंग्रहालय गाठण्याची गरज उरली नाही.

शैली

बोटके यांच्या चित्रांत क्षितिज आणि खोली यांना फारसे स्थान नाही. पक्षी, पाने व फुले एकाच प्रतलावर दाटीने येतात. मागे आकाशाऐवजी सोन्याचा, कधी चांदीचा वर्ख असतो. वर्ख प्रकाश परत फेकत असल्याने पाहणारा जागा बदलतो तसे चित्र उजळते किंवा मंदावते. पांढऱ्या पिसांना उठाव मिळतो तोही यामुळेच. या मांडणीत जपानी चित्रकलेचा आणि मध्ययुगीन टॅपेस्ट्रीचा प्रभाव स्पष्ट दिसतो. मात्र पक्ष्याची चोच, पाय आणि मान वळवण्याची ढब निरीक्षणातून आलेली असते. ‘डेमोझेल क्रेन्स अँड लोटस’ या चित्रात कमळांसोबत दिसणारा करकोचा हिवाळ्यात महाराष्ट्रातील जायकवाडी जलाशयावरही येतो.

मूल्यमापन

‘अलंकरणात्मक’ या शब्दाने बोटके यांना ग्राहक मिळवून दिले आणि कलेच्या इतिहासात मागेही ठेवले. आधुनिक कलेच्या समीक्षेत सजावट दुय्यम मानली जाई. त्यातही स्त्रीने रंगवलेली फुले व पक्षी हे घरगुती काम समजले जाण्याची शक्यता अधिक. बोटके यांनी अमूर्त कलेच्या ऐन भरातही विषय व पद्धत बदलली नाही. याला काही जण चिकाटी म्हणतील, काही जण पुनरावृत्ती. त्यांच्या अनेक चित्रांतील मोर परस्परांशी इतके मिळतेजुळते आहेत की दुसरा आक्षेप पूर्णपणे फेटाळता येत नाही.

ओहाय येथील ओक्स हॉटेलसाठी त्यांनी १९५३ मध्ये भित्तिचित्र केले. पुढच्याच वर्षी कॉर्नेलिस यांचे निधन झाले. त्यानंतरही अनेक वर्षे त्या सांता पॉला येथे चित्रे रंगवत होत्या. तेथेच त्यांचा मृत्यू झाला.