औषधी गांजा आणि राज्यांचा अधिकार : कलम १० ची चाळीस वर्षे

हिमाचल प्रदेशाच्या विधानसभेने ६ सप्टेंबर २०२४ रोजी एक अहवाल स्वीकारला. औषधी आणि औद्योगिक उपयोगासाठी भांगेच्या झाडाची नियंत्रित लागवड कायदेशीर करावी, अशी त्याची शिफारस होती. जानेवारी २०२५ मध्ये तेथील मंत्रिमंडळाने पालमपूर आणि नौणी येथील दोन विद्यापीठांमार्फत पथदर्शी अभ्यास करण्यास मान्यता दिली. अशी बातमी वाचली की एक प्रश्न हमखास मनात येतो. गांजा देशभर बेकायदा असताना एखादे राज्य असा निर्णय घेऊच कसे शकते?

प्रश्न रास्त आहे. उत्तर मात्र पुष्कळांना अनपेक्षित वाटेल : केंद्राच्या कायद्यानेच हा अधिकार राज्यांना १९८५ पासून दिलेला आहे. तो इतकी वर्षे जवळपास न वापरता का पडून राहिला, हा या लेखाचा विषय.

दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरात उभे राहिले, तर या इतिहासातील तीन महत्त्वाच्या संस्था काही किलोमीटरांच्या परिघात येतात. दक्षिणेला एम्स, जिथे देशभरातून असाध्य वेदनेचे आणि अपस्माराचे रुग्ण येतात. उत्तरेला संसद, जिथे कायदा झाला. आणि ईशान्येला दिल्ली उच्च न्यायालय, जिथे त्या कायद्याला आव्हान दिले गेले. अंतरे थोडी आहेत. पण रुग्ण, कायदा आणि न्याय यांची गाठ या विषयात अजून नीट पडलेली नाही.

एक झाड, तीन पदार्थ

प्रथम शब्दांचा घोळ दूर करू. भांग, गांजा आणि चरस हे तिन्ही पदार्थ एकाच झाडापासून मिळतात. पाने म्हणजे भांग, मादी झाडाचा राळयुक्त फुलोरा म्हणजे गांजा, आणि वेगळी काढलेली राळ म्हणजे चरस. नशा आणणारे टीएचसी (टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल) राळेत सर्वाधिक, फुलोऱ्यात त्याखालोखाल आणि पानांत बरेच कमी असते. कायद्याने या तिघांना वेगवेगळी वागणूक दिली आहे, आणि पुढचा सारा इतिहास या भेदावर उभा आहे.

भारतीय वैद्यकाला हे झाड नवे नव्हते. शार्ङ्गधरसंहितेत भांगेचा उल्लेख अफूसोबत ‘व्यवायी’ द्रव्याचे उदाहरण म्हणून येतो. पचनाची वाट न पाहता सर्व शरीरात पसरणारे आणि नंतर पचणारे, ते व्यवायी. आजही औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या अनुसूची ई(१) मध्ये आयुर्वेदातील विषारी द्रव्यांच्या यादीत भांग आहे. म्हणजे ती असलेले औषध वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावे, अशी सूचना वेष्टनावर छापावी लागते. परंपरेने या वनस्पतीला देव्हाऱ्यात बसवले नाही आणि उकिरड्यावरही टाकले नाही. तिला औषध मानले आणि विषही मानले.

कलकत्त्यातील प्रयोग

आधुनिक वैद्यकात या झाडाचा प्रवेश भारतातूनच झाला. कलकत्ता वैद्यकीय महाविद्यालयातील आयरिश अध्यापक विल्यम ब्रुक ओशॉनेसी यांनी १८३९ मध्ये गांजावरील आपला प्रबंध मांडला. त्यांची पद्धत लक्षात ठेवण्याजोगी आहे. आधी त्यांनी देशी ग्रंथ आणि हकीम-वैद्यांचे अनुभव गोळा केले, मग प्राण्यांवर अर्काची मात्रा तपासली, आणि त्यानंतरच संधिवात, पटकी, धनुर्वात व श्वानदंशाच्या रुग्णांना तो दिला. आकडीने बेजार झालेल्या अवघ्या चाळीस दिवसांच्या एका बाळाला त्याने आराम पडल्याची नोंद त्यांनी केली. श्वानदंशाचा रोगी वाचला नाही, पण त्याचे हाल कमी झाले, हेही त्यांनी प्रामाणिकपणे लिहिले. हेच ओशॉनेसी पुढे भारतात तारायंत्राचे जाळे उभारणारे म्हणून प्रसिद्ध झाले.

त्यांच्यामुळे गांजाचा अर्क युरोपच्या औषधालयांत पोहोचला, पण टिकला नाही. एका बाटलीतला अर्क प्रभावी, तर दुसरीतला निष्प्रभ. क्रियाशील घटक कोणता, हे कोणालाच ठाऊक नव्हते. तो पाण्यात विरघळत नसल्याने, टोचून देण्याच्या नव्या सुईच्या युगात तो मॉर्फिनच्या मागे पडला. ब्रिटिश औषधसंहितेतून १९३२ मध्ये त्याचे नाव गेले. औषध म्हणून गांजा मागे पडला, तो निव्वळ बंदीमुळे नव्हे. मात्रेचे प्रमाणीकरण जमले नाही, हेही तितकेच मोठे कारण होते.

१८९३ चा आयोग

दरम्यान ब्रिटिश संसदेत वेगळीच चर्चा पेटली होती. गांजामुळे हिंदुस्थानातील वेड्यांची इस्पितळे भरत आहेत, असा आरोप होता. मद्यपानविरोधी चळवळीतील सदस्य डब्ल्यू. एस. केन यांच्या प्रश्नानंतर जुलै १८९३ मध्ये भारतीय भांग-गांजा आयोग नेमला गेला. मॅकवर्थ यंग अध्यक्ष. सात सदस्यांत तीन भारतीय. आयोगाने ११९३ साक्षी नोंदवल्या आणि लागवडीची केंद्रे तपासली : बंगालमध्ये नौगाव, मध्य प्रांतात खांडवा, मुंबई इलाख्यात अहमदनगर. आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील शेतकरी तेव्हा परवान्याने गांजा पिकवत असत, हे अनेक मराठी वाचकांना ठाऊक नसते.

आयोगाचे सर्वांत मोलाचे काम मात्र इस्पितळांच्या नोंदवह्यांत झाले. १८९२ साली ब्रिटिश हिंदुस्थानातील वेड्यांच्या इस्पितळांत १३४४ रुग्ण दाखल झाले. त्यांपैकी २२२ जणांच्या वेडाचे कारण गांजा-भांग असे लिहिलेले होते. आयोगाने एकेक प्रकरण पुन्हा तपासले. असे दिसले की कारणाचा रकाना पुष्कळदा पोलीस किंवा कारकुनाने भरलेला असे. रुग्ण गांजा ओढत होता एवढ्यावरून वेडाचे कारण गांजा, असा निष्कर्ष निघे. छाननीनंतर २२२ पैकी ९८ प्रकरणांतच संबंध मानण्याजोगा उरला. केवळ या पदार्थांमुळे म्हणता येतील अशी प्रकरणे ६१. सहसंबंध आणि कार्यकारणभाव यांतील फरक शिकवण्यासाठी याहून चांगले देशी उदाहरण सापडणे कठीण.

१८९४ च्या अहवालाने संपूर्ण बंदी अनावश्यक आणि अयोग्य ठरवली. मर्यादित सेवनाने सहसा हानी होत नाही, अतिसेवनाने होते; म्हणून कर, परवाने आणि साठ्यावर मर्यादा हा मार्ग त्याने सुचवला. सारे सदस्य एकमताचे नव्हते. राजा शशिशेखरेश्वर रॉय आणि लाला निहालचंद या दोघा भारतीयांनी भिन्नमतपत्रिका जोडल्या. आयोगाला महसुलाची काळजी होती, हेही विसरता येत नाही. तरीही धोरणाआधी पुरावा तपासायचा, हा पायंडा त्याने घातला.

१९६१ ते १९८५

स्वातंत्र्यानंतर नियंत्रणाचे सूत्र आंतरराष्ट्रीय झाले. १९६१ च्या संयुक्त राष्ट्रांच्या एकल करारात या झाडाचा फुलोरा व राळ कठोर नियंत्रणाखाली आली. फुलोऱ्याविना असलेली पाने आणि बिया ‘कॅनाबिस’च्या व्याख्येतून वगळल्या गेल्या. जिथे परंपरागत वापर होता तिथे तो बंद करण्यासाठी पंचवीस वर्षांची मुदत मिळाली. करार डिसेंबर १९६४ मध्ये अमलात आला. म्हणजे मुदत १९८९ च्या अखेरीस संपणार होती.

त्याआधीच, १४ नोव्हेंबर १९८५ पासून, गुंगीकारक औषधिद्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, म्हणजेच एनडीपीएस कायदा, लागू झाला. त्याने कराराची व्याख्या उचलली. गांजा व चरस गुन्ह्याच्या कक्षेत आले. पाने बाहेर राहिली आणि राज्यांच्या अबकारी कायद्यांकडे गेली. उत्तर भारतात भांगेची परवानाधारक दुकाने दिसतात ती यामुळे. महाराष्ट्रात मात्र १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याच्या कक्षेत भांगही येते.

या कायद्याच्या कलम ८ ने लागवड, उत्पादन, विक्री, सेवन सारे निषिद्ध केले. पण त्यातच अपवाद ठेवला : वैद्यकीय किंवा वैज्ञानिक प्रयोजन. कलम १० ने चरस वगळता या झाडाची लागवड, उत्पादन, वाहतूक, विक्री आणि वापर यांना नियमांद्वारे परवानगी देण्याचा व नियंत्रण ठेवण्याचा अधिकार राज्य सरकारांना दिला. कलम १४ मध्ये धागा, बी किंवा बागायतीसाठीच्या लागवडीची वेगळी तरतूद केली. दिल्ली उच्च न्यायालयात २०१९ मध्ये या कायद्यातील तरतुदींना आव्हान देणारी याचिका दाखल झाली, तेव्हा केंद्रानेही हेच सांगितले : देशात सरसकट बंदी नाही, राज्ये परवानगी देऊ शकतात.

अमेरिकेशी तुलना केली की आपले वेगळेपण उठून दिसते. कॅलिफोर्नियाने १९९६ मध्ये मतदानाने वैद्यकीय गांजाला मान्यता दिली ती संघीय कायद्याच्या विरोधात जाऊन, आणि तो संघर्ष दशकानुदशके चालला. भारतातील राज्यांना असा बंडाचा पवित्रा घेण्याची गरजच नव्हती. त्यांना फक्त नियम लिहायचे होते.

मॉर्फिनचा धडा

नियम न लिहिणे किंवा वाईट लिहिणे किती महाग पडते, याचा दाखला याच कायद्यात आहे. मॉर्फिन हे कर्करोगाच्या तीव्र वेदनेवरचे स्वस्त आणि सिद्ध औषध. भारत स्वतः अफू पिकवतो. तरी १९८५ नंतर प्रत्येक राज्याने वेगवेगळे परवाने मागितले. एक परवाना मिळेपर्यंत दुसऱ्याची मुदत संपे. कठोर शिक्षेच्या भीतीने औषधविक्रेते साठा ठेवीनात. परिणामी देशातील मॉर्फिनचा वापर १९९७ पर्यंत सुमारे ९७ टक्क्यांनी घसरून वर्षाला अवघ्या १८ किलोवर आला. कायद्याने मॉर्फिनवर बंदी घातली नव्हती. कागदपत्रांनीच ते रुग्णापासून हिरावले. २०१४ च्या दुरुस्तीने ‘अत्यावश्यक गुंगीकारक औषधे’ हा वर्ग निर्माण करून नियमांचा अधिकार केंद्राकडे आणला. या तीन दशकांत जे वेदनेत गेले, त्यांच्या नावांची नोंद कोठेही नाही.

विज्ञान कुठवर आले

ओशॉनेसींना न सुटलेले कोडे इस्रायलमध्ये सुटले. राफेल मेशुलम आणि येहिएल गाओनी यांनी १९६४ मध्ये टीएचसी शुद्ध रूपात वेगळे करून त्याची रचना निश्चित केली. १९८८ मध्ये मेंदूत त्याला बांधून घेणारा ग्राही सापडला. शरीर स्वतःच त्या ग्राहीसाठी रेणू तयार करते, हे १९९२ मध्ये कळले, आणि त्या रेणूचे नाव संस्कृत ‘आनंद’वरून ‘आनंदामाइड’ ठेवले गेले.

औषधांच्या बाजूने पाहता, केमोथेरपीच्या उलट्यांसाठी कृत्रिम टीएचसीला अमेरिकेत १९८५ मध्येच मान्यता मिळाली. आपला कायदा आला तेच वर्ष. नशा न आणणाऱ्या सीबीडी (कॅनाबिडिऑल) या घटकाचे शुद्ध औषध २०१८ मध्ये ड्राव्हे आणि लेनॉक्स-गॅस्टॉ या बालवयातील दुर्धर अपस्मारांसाठी मंजूर झाले. त्याने आकड्यांची संख्या घटते. आजार बरा होत नाही, शिवाय झोपाळूपणा आणि यकृतावर ताण संभवतो. दीर्घकालीन वेदनेबाबत लाभ मर्यादित दिसतो. कर्करोग बरा होतो, या दाव्याला माणसांवरील चाचण्यांचा आधार नाही. किशोरवयातील नियमित सेवन आणि तीव्र मनोविकार यांचा संबंध मात्र अनेक अभ्यासांत आढळला आहे.

डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अमली द्रव्य आयोगाने २७ विरुद्ध २५ मतांनी कॅनाबिसला सर्वांत कठोर यादीतून काढले. भारताचे मत काढण्याच्या बाजूने होते.

राज्यांची चाचपडणारी पावले

उत्तराखंडने २०१८ मध्ये लागवडीचा परवाना दिला, पण तो कलम १४ खालील, ०.३ टक्क्यांपर्यंत टीएचसी असलेल्या औद्योगिक वाणासाठी. जम्मूतील भारतीय समवेत औषध संस्थेने संशोधनासाठी संरक्षित लागवड केली. गोव्यात डिसेंबर २०२० मध्ये औषधी उपयोगासाठी मर्यादित लागवडीच्या प्रस्तावाला कायदा खात्याने अनुकूलता दर्शवल्याचे समोर येताच राजकीय वादळ उठले, आणि मुख्यमंत्री प्रमोद सावंत यांनी असा निर्णय झालेला नसल्याचे स्पष्ट केले. पर्यटन आणि अमली पदार्थ या जुन्या दुखण्यामुळे तिथे औषधाची चर्चा सुरू होण्याआधीच संपली.

राज्यांची भीती निराधार नाही. एम्सच्या राष्ट्रीय व्यसनोपचार केंद्राच्या २०१९ च्या अहवालानुसार देशात सुमारे ३.१ कोटी लोक भांग, गांजा किंवा चरस यांपैकी काही ना काही घेतात. शेतातले पीक बाजारात झिरपेल, ही शंका खरी आहे. पण बेकायदा बाजार बंदीतही फुलतो आहे. अपस्माराच्या मुलाला मिळत नाही ते मोजलेल्या मात्रेचे, तपासलेले औषध. त्या रिकाम्या जागी आज ‘विजया’चे तेल जाहिरातींतून विकले जाते आणि हताश पालक ते विकत घेतात.

म्हणून राज्याच्या नियमावलीत काय असावे, हे इतिहासच सांगतो. ओशॉनेसींच्या अनुभवातून : प्रत्येक तुकडीतील टीएचसी व सीबीडीचे प्रयोगशाळेत मापन. १८९४ च्या आयोगातून : दुष्परिणामांची काळजीपूर्वक, कारण तपासून केलेली नोंद. मॉर्फिनच्या शोकांतिकेतून : एकच परवाना, ठरलेली मुदत, आणि प्रामाणिक डॉक्टरला तुरुंगाची भीती नाही. त्याबरोबर हेही ध्यानात ठेवावे की राज्य झाडाला परवानगी देऊ शकते, नव्या आधुनिक औषधाला नाही. त्यासाठी केंद्रीय औषध नियंत्रकांच्या मान्यतेची आणि रीतसर चाचण्यांची अट टळत नाही, टळूही नये.

मराठीत ‘तुळशीत भांग’ असे आपण दूषणाने म्हणतो. वनस्पतिशास्त्राला हा सोवळे-ओवळ्याचा भेद माहीत नाही; त्याला रेणू माहीत आहेत आणि मात्रा माहीत आहे. कायद्यानेही तेवढेच पाहावे. हिमाचलची दोन विद्यापीठे जे आकडे गोळा करतील ते प्रतिकूल निघाले, तरी त्यांचे मोल कमी होणार नाही. १८९४ नंतर या प्रश्नावर एखाद्या भारतीय सरकारने आधी मोजायचे आणि मग ठरवायचे म्हटले, हीच या बातमीतली खरी बातमी आहे.

#विज्ञानाचा_इतिहास #औषधी_वनस्पती #कायदा_आणि_विज्ञान