शर्यत, घड्याळ आणि बघणारा



तत्त्वज्ञान शिकवणारा माणूस मोटारींच्या शर्यतींवर बोलणार म्हटल्यावर काही जण नुसती गंमत बघायला आले असतील. हरकत नाही, आजचा विषय बघणाऱ्यांचाच आहे. शर्यत धावणाऱ्यांचा इतिहास भरपूर लिहिला गेलाय, बघणाऱ्यांचा फारसा नाही. मी आयुष्यभर बघणाराच राहिलो. स्वतः चालवली ती फक्त लूना, आपल्या नगरच्या कायनेटिकची!

सुरुवात मोटारीपासून नाही, बैलगाड्यापासून करतो. माझं बालपण पारनेर तालुक्यातलं. जुन्नर, आंबेगाव आणि आपल्या पारनेर भागात गाडे घाटात पळतात. एका वेळी एकच गाडा, पुढे घोडी, आणि निकाल घड्याळावर. सातारा-सांगलीकडे मात्र गाड्या शेजारी-शेजारी सुटतात, पहिली आली ती जिंकली. आता बघा, जगभरच्या मोटार शर्यतींचे दोन मोठे प्रकार हेच आहेत. सर्किटवरची शर्यत म्हणजे सातारा पद्धत. रॅली म्हणजे आपला घाट: एकामागून एक सुटायचं, प्रतिस्पर्धी डोळ्यांसमोर नाही, भांडण वेळेशी. म्हणून रॅली मला कुणी समजावून सांगावी लागली नाही.

रॅली पहिल्यांदा कळली ती 1968 साली. मी तेव्हा नगरला कॉलेजात होतो. 24 नोव्हेंबरला लंडनहून मोटारी निघाल्या सिडनीला. युरोप, तुर्कस्तान, इराण, काबूल, दिल्ली आणि मुंबई. 98 गाड्या निघाल्या होत्या, त्यातल्या 72 मुंबईपर्यंत पोचल्या आणि ‘चुसान’ या बोटीवर चढून ऑस्ट्रेलियाला गेल्या. आमचे मामा गोदीत कामाला. त्यांनी पत्रात लिहिलं, ‘गाड्या कसल्या, चिखलाचे गोळे होते.’ ते पत्र मी वर्गात चार जणांना वाचून दाखवलं होतं.

त्या शर्यतीचा शेवट मात्र नीट ऐका. सिडनी जवळ आलं असताना पुढे होती ल्युसियाँ बियांकी आणि त्यांच्या जोडीदाराची सित्रोएन. रस्त्यात समोरून आलेल्या एका खाजगी मोटारीशी तिची टक्कर झाली. मागून येणारे पॅडी हॉपकर्क स्पर्धा बाजूला ठेवून थांबले, जखमींना मदत केली, आणि तरी शेवटी दुसरे आले. जिंकले अँड्र्यू कोवान, हिलमन हंटर घेऊन. हेच बियांकी दोनच महिने आधी ल मान्सची 24 तासांची शर्यत जिंकले होते. पुढच्या वर्षी मार्चमध्ये त्याच ल मान्सला सराव करताना ते गेले. रॅली आणि दीर्घ पल्ल्याची शर्यत, ही दोन्ही दारं मला एकाच माणसाने उघडून दिली असं मी म्हणतो.

मग आम्ही आफ्रिकेतली सफारी रॅली वर्तमानपत्रातून शोधू लागलो. कारण उघड होतं, नावं ओळखीची होती. केनियाचे जोगिंदर सिंग 1965 साली वापरलेली व्होल्वो घेऊन जिंकले, पुन्हा 1974 आणि 1976 ला. युगांडात जन्मलेले शेखर मेहता तर पाच वेळा जिंकले, 1973 आणि मग 1979 ते 1982 सलग चार. खेळाच्या पानावर कोपऱ्यात दोन ओळी यायच्या. त्या दोन ओळींसाठी मी वाचनालयात चकरा मारल्यात. आजच्या मुलांना मोबाइलवर सगळं थेट दिसतं. आम्ही मात्र शर्यत मनातल्या मनातच पाहिली.

आता मुद्द्यावर येतो. सांख्य दर्शनात पुरुष हा साक्षी आहे. तो बघतो, करत काहीच नाही. करते ती प्रकृती. प्रेक्षकालाही असंच वाटत असतं की मी फक्त बघतोय. शर्यतींचा इतिहास सांगतो की हे खरं नाही.

11 जून 1955 ला ल मान्सला एक मर्सिडीज उडून गर्दीत शिरली. ऐंशीहून जास्त माणसं गेली, आणि शर्यत चालूच राहिली. 1986 साली पोर्तुगालच्या रॅलीत लोक रस्त्यावरच उभे राहायचे, गाडी आली की ऐन वेळी बाजूला व्हायचे, कुणी कुणी तर तिला हात लावायला बघायचे. एक गाडी त्या गर्दीत घुसली, माणसं मेली. दोन महिन्यांत कॉर्सिकात हेन्री टोइव्होनेन आणि त्याचा सहचालक क्रेस्टो जळून गेले. मगच त्या ‘ग्रुप बी’ गाड्या बंद झाल्या. त्या इतक्या वेगवान कुणासाठी झाल्या होत्या? कंपन्यांसाठी, हो. पण आपल्यासाठीही.

आणि हे परदेशातलंच नाही. मी दहा-अकरा वर्षांचा असताना एका यात्रेत गाडा घाटाबाहेर गेला, लोकांत घुसला. शेजारच्या घरातला माझ्याएवढा मुलगा त्यात सापडला. त्याचा पाय कायमचा अधू झाला. घाटाच्या कडेला पुढे चला म्हणून त्याला ओढून नेणारा मी होतो. इतकी वर्षं मी हे कुठल्या व्यासपीठावर बोललो नव्हतो. साक्षी निर्दोष असतो हे वर्गात शिकवताना माझा आवाज थोडा अडखळायचा, त्याचं कारण हे.

मग शर्यत बघायचीच नाही का? 7 मे 2014 ला सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यती बंद केल्या, 16 डिसेंबर 2021 ला आपल्याकडे अटींवर परवानगी मिळाली, 18 मे 2023 ला घटनापीठाने बदललेला कायदा उचलून धरला. या सगळ्या काळात मला दोन्ही बाजूंचं पटत होतं. बैल शर्यतीत स्वतःहून उतरत नाही, चालक उतरतो, हा फरक मोठा आहे. म्हणून चाबूक नको या अटीचा मी प्रेक्षक म्हणून पहारेकरी आहे. अट मोडताना दिसली आणि मी शिट्टी वाजवली, तर मीही चाबूक ओढला.

म्हातारपणी मला ल मान्स जास्त आवडतं, तेही यासाठीच. 1923 साली ती सुरू झाली ती गाडी किती टिकते हे बघायला. आपल्या नगरच्या व्हीआरडीईत लष्करी वाहनांना चाचणीत रगडतात, त्यामागेही तोच प्रश्न असतो. तिथे एकटा कुणी जिंकत नाही. गाडी दुसऱ्याच्या हाती नीट द्यावी लागते. 2012 साली करुण चंढोक तिथे धावणारा पहिला भारतीय ठरला, दोन जोडीदारांसह एकूण सहावा आला. मी रात्रभर जागा होतो. पहाटे बायकोने विचारलं, ‘कोण जिंकलं?’ म्हटलं, ‘आपला सहावा आला, पण गाडी पोचली.’

हॉपकर्क थांबले तसं थांबता येणं, एवढंच मला या खेळातून शिकायचं होतं. तो मित्र आजही माझ्याबरोबर शर्यत बघतो, घरात बसून.

इथेच थांबतो.