नास्तिक म्हणजे नक्की कोण? कोल्हापुरातला जुना वाद आणि दोन्ही बाजूंचे गैरसमज

१६ फेब्रुवारी २०१५ ची सकाळ. कॉम्रेड गोविंद पानसरे आणि त्यांच्या पत्नी उमा फिरून घरी परतत होते. कोल्हापुरातल्या सागरमाळ भागात, घराच्या अगदी जवळ, मोटारसायकलवरून आलेल्या हल्लेखोरांनी दोघांवर गोळ्या झाडल्या. उमाताई वाचल्या. पानसरे यांचा २० फेब्रुवारीला मुंबईतल्या रुग्णालयात मृत्यू झाला. ते ८१ वर्षांचे होते.

पानसरे कम्युनिस्ट होते, नास्तिक होते, आणि ते कधी लपवत नव्हते. त्यामुळे कट्ट्यावर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर त्यांच्याविषयी बोलताना ‘देवाधर्माच्या विरोधात बोलणारा माणूस’ अशी ओळख सहज दिली जाते. पण त्यांचं सगळ्यात जास्त वाचलं गेलेलं पुस्तक हातात घेतलं तर ही ओळख जरा अडखळते. ‘शिवाजी कोण होता?’ ही १९८८ मध्ये आलेली छोटी पुस्तिका. देव आहे की नाही, हा तिचा विषयच नाही. शिवाजी महाराज धार्मिक होते हे पानसरे त्यात मान्य करतात. त्यांचं म्हणणं एवढंच की महाराज दुसऱ्या धर्माचा द्वेष करणारे नव्हते आणि त्यांचं मोठेपण रयतेला दिलेल्या वागणुकीत होतं. वकील म्हणून पानसरे कामगारांचे खटले लढले. आंतरजातीय लग्नं लावण्यासाठी त्यांनी काम केलं. कोल्हापूरच्या टोलविरोधी आंदोलनात ते पुढे होते, आणि तिथे त्यांच्या शेजारी कपाळाला अंबाबाईचं कुंकू लावलेले कोल्हापूरकर होतेच.

मग भांडण नेमकं कशावरून आहे? आस्तिक-नास्तिक वाद म्हटलं की ‘देव आहे का’ या प्रश्नावर दोन गट समोरासमोर बसलेत असं चित्र डोळ्यासमोर येतं. कोल्हापूरचा इतिहास पाहिला तर या प्रश्नावर इथं फारसं कुणी भांडलेलंच नाही. भांडण झालं ते माणूस आणि देव यांच्या मधे कोण उभं राहणार, यावरून.

शब्दाचा मूळ अर्थ वेगळाच

आज आपण देव न मानणाऱ्याला नास्तिक म्हणतो. जुन्या शास्त्रात हा अर्थ नव्हता. पाणिनीच्या व्याकरणाच्या परंपरेत परलोक न मानणारा तो नास्तिक, तर मनुस्मृतीत वेदांची निंदा करणारा तो नास्तिक. भारतीय दर्शनांची विभागणी करताना हाच वेदांचा निकष लावला गेला. त्यामुळे चार्वाकांबरोबर बौद्ध आणि जैनही नास्तिक ठरले. उलट जग निर्माण करणारा ईश्वर न मानणारं मीमांसा दर्शन आस्तिकांच्या यादीत राहिलं, कारण ते वेद मानतं.

कोल्हापुरात हे समजायला पुस्तक उघडायची गरज नाही. शहरात लक्ष्मीसेन भट्टारकांचा जुना जैन मठ आहे, हातकणंगले तालुक्यात कुंभोजजवळ बाहुबली आहे. जैन दर्शनात जग निर्माण करणारा देव नाही. जुन्या व्याख्येनं ही मंडळी नास्तिक. पण उपास, व्रतं आणि पूजा इतक्या काटेकोरपणे पाळणाऱ्या शेजाऱ्यांना नास्तिक म्हणायची कल्पनाही कुणा कोल्हापूरकराला सुचणार नाही.

वेदोक्तापासून घागरा-चोलीपर्यंत

१८९९ साली, कार्तिक महिन्यात राजर्षी शाहू महाराज पंचगंगेवर स्नानाला जात. तिथला भटजी त्यांच्यासाठी वेदोक्त मंत्रांऐवजी पुराणोक्त मंत्र म्हणत असल्याचं लक्षात आलं. कारण विचारल्यावर उत्तर मिळालं ते जातीचं: छत्रपती झाले तरी शूद्रच, त्यांना वेदोक्ताचा अधिकार नाही. यातून जे पेटलं ते वेदोक्त प्रकरण. महाराजांनी राजोपाध्यांचं वतन जप्त केलं. ‘केसरी’तून टिळकांनी महाराजांच्या विरोधात भूमिका घेतली. पुढे १९२० मध्ये शाहूंनी ब्राह्मणेतर पुरोहित तयार करणारी वैदिक शाळा काढली आणि त्याच वर्षी वेगळं क्षात्रजगद्गुरूंचं पीठही नेमलं.

इथं एक गोष्ट नीट पाहायला हवी. शाहू महाराजांना पूजा नको होती असं नाही, त्यांना मंत्र हवे होते. आर्य समाजाशी त्यांनी जवळीक केली ती धर्माच्या आत राहूनच. तरी त्यांच्यावर धर्म बुडवल्याचा ठपका आलाच.

महात्मा फुल्यांचंही तेच. १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन करणाऱ्या फुल्यांना आजही अनेक जण नास्तिकांच्या रांगेत बसवतात. पण ते जगाचा निर्माता मानत, आणि त्यासाठी ‘निर्मिक’ हा शब्द वापरत. त्यांचा नकार होता तो मध्यस्थाला.

आता सरळ २०१७ मध्ये येऊ. जूनमध्ये अंबाबाईच्या मूर्तीला घागरा-चोली नेसवली गेली आणि कोल्हापूर उसळलं. देवीला नेहमीची साडी सोडून हा पोशाख का, या प्रश्नापासून सुरू झालेला संताप ‘पुजारी हटाव’पर्यंत पोचला. वंशपरंपरेच्या पुजाऱ्यांऐवजी पगारी पुजारी नेमावेत, या मागणीवर आंदोलन झालं आणि २०१८ मध्ये विधिमंडळानं या मंदिरासाठी स्वतंत्र कायदा केला. या आंदोलनाला नास्तिकांचं म्हणता येईल का? देवीच्या वस्त्रावरून रस्त्यावर उतरणारी माणसं भाविकच असतात. पण त्यांची मागणी तीच होती, जी पुरोगामी मंडळी शंभर वर्षं करत आली होती.

त्याआधी वर्षभर, एप्रिल २०१६ मध्ये, याच मंदिराच्या गाभाऱ्यात जाण्यासाठी आलेल्या तृप्ती देसाई यांना मारहाण झाली होती. मंदिरात प्रवेश हा स्त्रियांचाही हक्क आहे हे उच्च न्यायालयानं तेव्हा नुकतंच स्पष्ट केलं होतं. मार खाणारी बाई दर्शनासाठीच आली होती.

एका कोठडीत टिळक आणि आगरकर

खरा, अस्सल देवावरचा वाद महाराष्ट्रात झालाच नाही असंही नाही. गंमत म्हणजे त्याचाही एक धागा कोल्हापूरला जोडलेला आहे. कोल्हापूरच्या संस्थानिकांच्या छळाबद्दल दिवाण बर्वे यांच्यावर टीका केली म्हणून १८८२ मध्ये बदनामीच्या खटल्यात टिळक आणि आगरकर यांना शिक्षा झाली. दोघांनी १०१ दिवस मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात काढले. एक धर्माभिमानी, दुसरा अज्ञेयवादी. त्या दिवसांवर आगरकरांनी पुस्तक लिहिलं आहे. दोघं तिथे रात्री उशिरापर्यंत वाद घालत, बाहेर काय करायचं याचे बेत आखत. पुढे सामाजिक सुधारणेवरून त्यांचं बिनसलं. आगरकरांनी ‘केसरी’ सोडला, १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढला, आणि पुण्यातल्या सनातन्यांनी ते जिवंत असतानाच त्यांची प्रेतयात्रा काढली.

नास्तिक म्हणजे डावा, हा समजही इतिहासात टिकत नाही. विनायक दामोदर सावरकर कर्मकांड मानत नव्हते. आपल्या मृत्यूनंतर धार्मिक विधी नकोत असं त्यांनी सांगून ठेवलं होतं. आणि दुसऱ्या टोकाला साने गुरुजी: पूर्ण भक्तिमार्गी माणूस, पण पंढरपूरचं विठ्ठल मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून १९४७ मध्ये प्राणांतिक उपोषणाला बसला. याच साने गुरुजींनी सुरू केलेल्या ‘साधना’ साप्ताहिकाचे संपादक पुढे डॉ. नरेंद्र दाभोलकर झाले, जे वैयक्तिक आयुष्यात देव मानत नव्हते.

एकमेकांबद्दल काय काय समजलं जातं?

भाविकांच्या मनातला सगळ्यात पक्का समज: देवाची भीती नाही, मग हा माणूस चांगलं का वागेल? हा प्रश्न मनापासून विचारला जातो, त्यामुळे तो उडवून लावण्यात अर्थ नाही. त्याला उत्तर मात्र आहे. शेजाऱ्याच्या घरात चोरी न करण्याचं कारण बहुतेकांकडे देवापेक्षा जवळचं असतं: कायदा, लाज, शेजाऱ्याशी असलेलं नातं. देव मानणारे कैदी तुरुंगात कमी नसतात, आणि न मानणारे रक्तदान करताना दिसतात.

दुसरा आरोप: हे फक्त हिंदूंनाच बोलतात. याचा एक भाग खरा वाटण्यासारखा आहे. महाराष्ट्रात बहुसंख्य हिंदू, कार्यकर्तेही बहुतेक हिंदू घरांतले, त्यामुळे त्यांची टीका आधी आपल्याच घरातल्या गोष्टींवर होते. पण जादूटोणाविरोधी कायदा आल्यावर सुरुवातीलाच जो गुन्हा नोंदवला गेला, तो नांदेडमधल्या दोन मुस्लिम भोंदूंवर. असाध्य आजार चमत्कारानं बरे करण्याच्या जाहिराती ते करत होते.

नास्तिकांच्या बाजूचे पूर्वग्रहही कमी नाहीत, आणि त्यांच्याबद्दल कमी बोललं जातं. भाविक म्हणजे अडाणी, घाबरट, डोकं गहाण ठेवलेला. जोतिबाच्या चैत्र यात्रेत गुलालानं माखलेल्या माणसाकडे असं पाहणाऱ्याला तिथल्या सासनकाठीमागचं गाव दिसत नाही. त्या काठीला कुणाचा मान, कुणाच्या घरचं जेवण, मुंबईला गेलेला कोण यात्रेला परत आला, हे सगळं त्या श्रद्धेत असतं. ‘देव सिद्ध करून दाखवा’ म्हणणाऱ्याला त्या माणसाकडून उत्तर मिळणार नाही, कारण त्यानं तो दावा केलेलाच नसतो.

भाषेनं हे आणखी बिघडवलं. एका बाजूनं ‘फुरोगामी’, दुसऱ्या बाजूनं ‘अंधभक्त’. अज्ञेयवादी, बुद्धिप्रामाण्यवादी, धर्मनिरपेक्ष, निरीश्वरवादी हे चार वेगळे अर्थ असलेले शब्द आता ‘नास्तिक’ या एकाच टोपलीत टाकले जातात. उपास करणारी पण बुवाकडे न जाणारी बाई कुठे बसवायची, हे मग कुणालाच सांगता येत नाही.

कायद्यात देवाविरुद्ध काय आहे?

काहीच नाही. पण हे पटवायला जवळजवळ दोन दशकं गेली.

दाभोलकरांनी १९८९ मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन केली. देव आणि धर्म याबाबत समितीची भूमिका तटस्थ असेल, विरोध शोषणाला असेल, हे त्यांनी सुरुवातीपासून सांगितलं. डॉ. श्रीराम लागू उघडपणे देव नाकारत. दाभोलकर आणि लागू एकाच व्यासपीठावर ‘विवेकजागराचा वाद-संवाद’ नावाचे कार्यक्रम करत, आणि तिथे लागूंच्या नकारापेक्षा समितीची भूमिका वेगळी कशी आहे हे दाभोलकर समजावून सांगत. तरीही जादूटोणाविरोधी विधेयकाला वारकऱ्यांमधल्या काही संघटनांनी विरोध केला. वारी, कीर्तन, हरिपाठ बंद होतील अशी भीती पसरली होती.

२० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात ओंकारेश्वर मंदिराजवळच्या पुलावर दाभोलकरांचा खून झाला. चार दिवसांत अध्यादेश निघाला, डिसेंबरमध्ये कायदा मंजूर झाला. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं, दंड पाच हजार ते पन्नास हजार रुपये. नरबळी, भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण, चमत्काराचा दावा करून लुबाडणं, साप चावल्यावर दवाखान्यात जाऊ न देणं अशी कृत्यं त्यात गुन्हा ठरतात.

आणि काय गुन्हा नाही, याची यादीही कायद्यातच दिली आहे. ती वाचण्यासारखी आहे: प्रदक्षिणा, यात्रा, हरिकीर्तन, प्रवचन, भजन, दिवंगत संतांच्या चमत्कारांची कथनं, अंगात येणं, व्रतवैकल्यं, नवस बोलणं, मोहरमची मिरवणूक, मुलांचे कान-नाक टोचणं, जैनांचं केशलोचन, वास्तुशास्त्राचा सल्ला, इतकंच काय, नंदीबैलवाल्यांची भविष्यवाणी. एखाद्या कडव्या नास्तिकानं हा कायदा लिहिला असता, तर ही यादी नक्कीच इतकी लांब झाली नसती.

दाभोलकर खटल्यात १० मे २०२४ ला पुण्याच्या विशेष न्यायालयानं दोघांना जन्मठेप दिली आणि तिघांची निर्दोष मुक्तता केली. पानसरे खटल्यात आरोपनिश्चिती व्हायला जानेवारी २०२३ उजाडलं.

पंचगंगेच्या घाटावर

गणपती विसर्जनाचं पाणी दूषित होतं, म्हणून मूर्ती दान करा, असं आवाहन अंनिसच्या कार्यकर्त्यांनी सुरू केलं तेव्हा घाटावर वाद झाले. काही हिंदुत्ववादी संघटना आजही विरोध करतात. त्यांचं म्हणणं, ज्या मूर्तीत प्राणप्रतिष्ठा केली ती वाहत्या पाण्यातच जायला हवी. धार्मिक दृष्टीनं हा युक्तिवाद पोकळ नाही.

पण कोल्हापूरकरांनी मधला रस्ता काढला. आरती घाटावर किंवा घरीच होते, मूर्ती कुंडात किंवा बादलीत बुडवली जाते, आणि मग ती दानासाठी ठेवली जाते. निर्माल्याचा ढीग वेगळा. महापालिका आणि जिल्हा परिषदेनं हे उचलून धरल्यावर खेड्यांतही ते पोचलं. मूर्ती देणाऱ्यांपैकी कुणाचीही श्रद्धा त्या दिवशी कमी झालेली नसते. त्यांना पंचगंगेचं पाणी प्यायचं असतं, इतकंच.

देव न मानण्याचा हक्क कागदावर किती?

२०११ च्या जनगणनेत संपूर्ण देशात फक्त ३३ हजारांच्या आसपास लोकांनी स्वतःला नास्तिक नोंदवलं. त्यात सगळ्यात जास्त, ९,६५२, महाराष्ट्रातले. धर्म न सांगणाऱ्यांचा आकडा त्यापेक्षा खूप मोठा, सुमारे २८ लाख ६७ हजार. न मानणारे सगळेच स्वतःला नास्तिक लिहीत नाहीत, आणि या शब्दाचं वजन पाहता ते समजण्यासारखं आहे. एप्रिल २०२२ मध्ये पुण्यात नास्तिकांचा मेळावा ठरला होता. तो दिवस नेमका रामनवमीचा. भावना दुखावतील या कारणावरून मेळावा रद्द झाला.

घटनेच्या कलम २५ मध्ये सदसद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य आहे, म्हणजे मानण्याचं आणि न मानण्याचंही. सप्टेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं सांगितलं की सरकारी अर्जावर कुणालाही धर्म लिहायची सक्ती करता येणार नाही, ‘कोणताही धर्म नाही’ असं लिहिता येईल. त्याच्या आदल्या वर्षी नाशिकच्या एका शिक्षकाचं प्रकरण याच न्यायालयात आलं होतं. शाळेच्या प्रार्थनेत ते उभे राहत, पण हात जोडत नसत. तेवढ्यावरून त्यांची वरची वेतनश्रेणी अडवली गेली होती. हात जोडण्याची सक्ती करता येणार नाही, असा निकाल न्यायालयानं दिला.