मित्र दुरावला, रसद तुटली. भाऊ-सुरजमल वादाचा अडीचशे वर्षांचा सल

घोडबंदर (खास प्रतिनिधी) : वसईच्या खाडीकाठी टेकडीवर उभा असलेला घोडबंदरचा किल्ला १७३७ मध्ये मराठ्यांनी पोर्तुगिजांकडून जिंकून घेतला. चिमाजीअप्पांच्या वसई मोहिमेतील तो एक महत्त्वाचा टप्पा होता. त्या वेळी अप्पांचा मुलगा सदाशिव अवघा सहा-सात वर्षांचा होता. पुढे हेच सदाशिवरावभाऊ १७६० मध्ये अहमदशहा अब्दालीचा बंदोबस्त करण्यासाठी मराठ्यांची सर्वांत मोठी फौज घेऊन उत्तरेत गेले आणि १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर कामी आले. या मोहिमेत त्यांच्या बाजूने उभा राहिलेला उत्तरेतील एकमेव मोठा राजा म्हणजे भरतपूरचे सुरजमल जाट. मात्र ऐन युद्धाच्या तोंडावर ते छावणी सोडून निघून गेले. भाऊंनी त्यांना दिलेल्या वागणुकीमुळे ते गेले, की त्यांच्याच राजकीय मागण्यांमुळे, हा वाद आजही शमलेला नाही.

तो किती जिवंत आहे, याचा प्रत्यय डिसेंबर २०१९ मध्ये आला. आशुतोष गोवारीकर यांच्या 'पानिपत' चित्रपटात सुरजमल यांनी मदतीच्या बदल्यात आग्र्याचा किल्ला मागितल्याचे दाखवण्यात आले होते. त्यावरून राजस्थानात संतापाची लाट उसळली. भरतपुरात निदर्शने झाली, जयपूरमध्ये चित्रपटगृहाची मोडतोड झाली आणि अखेर निर्मात्यांना चित्रपटातील काही भाग कापावा लागला. महाराष्ट्रात पानिपत म्हटले की भाऊ, विश्वासराव, दत्ताजी आठवतात. भरतपुरात मात्र अव्हेरला गेलेला मित्र आठवतो. म्हणूनच या प्रकरणाची मूळ हकिकत समजून घेणे आवश्यक ठरते.

वडिलांची मोहीम

वसईची मोहीम केवळ तलवारीच्या जोरावर झालेली नव्हती. पोर्तुगिजांच्या जाचाला कंटाळलेले साष्टी व आसपासच्या मुलखातील वतनदार कित्येक वर्षे पेशव्यांकडे दाद मागत होते. अंजूरचे गंगाजी नाईक आणि मालाडचे अंताजी रघुनाथ कावळे ही त्यातील ठळक नावे. खाड्या, उतार, चौक्या आणि माणसे यांची खडान्खडा माहिती असलेल्या या मंडळींच्या मदतीवर मोहिमेची आखणी झाली. मे १७३९ मध्ये वसई पडल्यावर शरण आलेल्या पोर्तुगिजांना कुटुंबकबिल्यासह सुखरूप बाहेर पडू देण्यात आले. परक्या मुलखात लढताना तिथल्या माणसाचा शब्द मोलाचा असतो, हे चिमाजीअप्पांच्या मोहिमेने दाखवून दिले होते. डिसेंबर १७४० मध्ये अप्पांचे निधन झाले, तेव्हा भाऊ दहा वर्षांचे होते.

भाऊ मोठे झाले ते कर्तबगार कारभारी आणि सेनापती म्हणून. कर्नाटकातील मोहीम आणि फेब्रुवारी १७६० मधील उदगीरचा विजय यांमुळे त्यांचा दबदबा वाढला. उदगीरला निजामाविरुद्ध इब्राहिमखान गारदी यांच्या कवायती पलटणी व तोफांनी जी कामगिरी केली, ती भाऊंच्या मनावर ठसली. परंतु उत्तर हिंदुस्थानात त्यांनी तोवर एकही मोहीम केली नव्हती. जानेवारी १७६० मध्ये बुराडी घाटावर दत्ताजी शिंदे पडल्यानंतर मार्चमध्ये परतूरहून भाऊ उत्तरेकडे निघाले.

सुरजमल कोण होते?

दिल्ली आणि आग्रा यांच्या परिसरातील सुपीक मुलखावर सुरजमल यांची सत्ता होती. भरतपूर, डीग व कुंभेर हे त्यांचे बळकट किल्ले. दिल्लीहून दक्षिणेकडे येणाऱ्या फौजेचे धान्य, वैरण आणि परतीची वाट त्यांच्या हद्दीशी बांधलेली होती. शिवाय अब्दालीशी लढण्याचा त्यांना अनुभव होता. १७५७ मध्ये अब्दालीच्या फौजेने मथुरेत कत्तल केली, तेव्हा वाटेत जाट सैन्यानेच तिला तोंड दिले होते.

मराठ्यांशी त्यांचे संबंध मात्र सरळ नव्हते. १७५४ मध्ये रघुनाथरावांनी आणि मल्हारराव होळकरांनी खंडणीसाठी कुंभेरला वेढा घातला होता. त्या वेढ्यात मल्हाररावांचे एकुलते पुत्र, अहिल्याबाईंचे पती खंडेराव मारले गेले. अखेर पैशाच्या करारावर वेढा उठला. मल्हाररावांनी हे दुःख गिळून सहा वर्षांनी त्याच सुरजमल यांना अब्दालीविरुद्ध सोबत आणले. होळकर आणि शिंदे यांनी सुरक्षिततेची हमी दिल्यावर १७६० च्या उन्हाळ्यात सुरजमल भाऊंना आग्र्याजवळ येऊन मिळाले. म्हणजेच ही मैत्री दोन अनुभवी सरदारांनी आपल्या शब्दावर उभी केलेली होती.

आग्र्याची मसलत

पुढील चाल ठरवण्यासाठी झालेल्या मसलतीत सुरजमल यांनी दिलेला सल्ला काशीराज या समकालीन लेखकाने नोंदवला आहे. काशीराज हा अवधच्या शुजाउद्दौल्याच्या पदरी होता आणि पानिपताच्या वेळी तो अब्दालीच्या गोटात हजर होता. त्याच्या नोंदीचा आशय असा : बायकामुले, जड सामान व मोठ्या तोफा ग्वाल्हेर, झाशी किंवा जाटांच्या किल्ल्यांत ठेवाव्यात; सडे स्वार घेऊन शत्रूच्या भोवती घिरट्या घालाव्यात; त्याची रसद मारावी आणि पावसाळा व उन्हाळ्याने गांजलेल्या परदेशी फौजेला परत जाण्यास भाग पाडावे. मल्हाररावांचेही हेच मत होते. मराठ्यांची जुनी गनिमी रीत हीच होती.

भाऊंनी हा सल्ला मानला नाही. सुरजमल हे सामान्य जमीनदार आहेत, त्यांना मोठ्या राजकारणातले काय कळणार, अशा अर्थाचे उद्गार त्यांनी काढल्याचे आणि वृद्ध मल्हाररावांचीही संभावना केल्याचे जुन्या हकिकतींत आढळते. शब्द नेमके काय होते हे बाजूला ठेवले, तरी दोघेही दुखावले गेले, यावर बहुतेक हकिकतींचे एकमत आहे.

चांदीचे छत

ऑगस्ट १७६० च्या आरंभी दिल्लीचा किल्ला मराठ्यांच्या हाती आला. विजय मोठा होता, पण खजिना रिकामा होता. फौजेचे पगार थकले होते आणि उत्तरेतील वसुली येत नव्हती. तेव्हा भाऊंनी लाल किल्ल्यातील दिवाण-ए-खासचे चांदीचे छत काढून त्याचे रुपये पाडले. ही रक्कम सुमारे ९ लाख रुपये असल्याचे सांगितले जाते. सुरजमल यांनी याला विरोध केला आणि त्याऐवजी पैसे देण्याची तयारीही दाखवली, असे जाट परंपरा सांगते. बादशाही तख्ताची अप्रतिष्ठा झाल्यास उत्तरेतील सरदार बिथरतील, अशी त्यांची भीती होती.

दुसरा प्रश्न दिल्लीच्या ताब्याचा होता. पदच्युत वजीर इमाद-उल-मुल्क याला सुरजमल यांनी आश्रय दिला होता. त्यालाच पुन्हा वजिरी मिळावी, असा त्यांचा आग्रह होता. भाऊंनी तो नाकारला आणि दिल्लीचा बंदोबस्त नारो शंकर यांच्याकडे सोपवला. त्यानंतर थोड्याच दिवसांत सुरजमल यांनी आपल्या सैन्यासह छावणी सोडली आणि ते स्वतःच्या मुलखाकडे निघून गेले. भाऊ आपल्याला कैद करणार, अशी कुणकुण त्यांना लागली होती आणि खुद्द होळकर-शिंद्यांच्या गोटातूनच त्यांना सावध करण्यात आले, असेही सांगितले जाते. हे खरे असेल, तर छावणीतील बेदिली किती खोल गेली होती याचा तो पुरावाच ठरतो. ज्यांनी हमी दिली, त्यांनाच ती मोडली जाईल अशी धास्ती वाटू लागली होती.

भाऊंची बाजू

तथापि सारा दोष भाऊंच्या स्वभावावर टाकणे अन्यायाचे होईल. इमाद-उल-मुल्क याच्यावर नोव्हेंबर १७५९ मध्ये बादशहा दुसऱ्या आलमगिराचा खून करविल्याचा डाग होता. त्याला वजिरी देणे म्हणजे अवधच्या शुजाउद्दौल्याला कायमचे गमावणे होते. शुजा अब्दालीला मिळालेला असला, तरी त्याच्याशी भाऊंची बोलणी चालूच होती. तोफा मागे ठेवण्याच्या सल्ल्याबाबतही असेच म्हणता येईल. ज्या तोफांनी उदगीर जिंकले, त्याच ठेवून लढायचे तर गारद्यांना सोबत आणण्याचा अर्थ काय, हा भाऊंचा प्रश्न गैरवाजवी नव्हता. 'पानिपत : १७६१' या ग्रंथाचे लेखक त्र्यं. शं. शेजवलकर यांनी भाऊंच्या धोरणाकडे बऱ्याच सहानुभूतीने पाहिले आहे, ते यामुळेच. शिवाय भाऊंच्या उद्धटपणाच्या अनेक कथा पराभवानंतर लिहिल्या गेल्या, हेही विसरता येत नाही. पराभूत सेनापतीच्या पदरात सगळ्यांचे दोष पडतात.

पण मागणी नाकारणे वेगळे आणि मागणाऱ्याला तोडणे वेगळे. इमादला वजिरी न देताही सुरजमल यांना राखता आले असते का, हा खरा प्रश्न आहे. दिल्लीत थांबून बोलणी लांबवणे, होळकरांना मध्यस्थ घालणे किंवा निदान तटस्थतेच्या बदल्यात धान्याचा करार करणे हे मार्ग उपलब्ध होते. यांपैकी एखादा मार्ग नेटाने चोखाळल्याचे दिसत नाही.

उपासमारीची किंमत

सुरजमल गेल्याचे परिणाम लगेच जाणवले नाहीत. १७ ऑक्टोबरला कुंजपुरा जिंकून मराठ्यांनी मोठा धान्यसाठा मिळवला. मात्र त्याच महिन्याच्या अखेरीस अब्दालीने बागपतजवळ यमुना ओलांडली आणि मराठ्यांची दिल्लीकडची वाट अडवली. त्यानंतर सुमारे अडीच महिने दोन्ही फौजा पानिपताजवळ समोरासमोर होत्या. मराठ्यांच्या छावणीत लढवय्यांखेरीज बायकामुले, यात्रेकरू आणि बाजारबुणगे मोठ्या संख्येने होते. त्यांना मागे सुरक्षित ठेवावे, हाच सल्ला सुरजमल यांनी दिला होता. रसदेची भिस्त असलेले गोविंदपंत बुंदेले डिसेंबरमध्ये मारले गेले. जनावरे मेली, माणसे उपाशी राहिली आणि अखेर संक्रांतीच्या सुमारास, उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू, या निर्धाराने फौज बाहेर पडली. जाट सोबत असते तर लढाई जिंकली असती, असे कोणीही छातीठोकपणे सांगू शकणार नाही. दिल्लीच्या दक्षिणेस एक मित्रसत्ता जागी राहिली असती आणि अब्दालीच्या पिछाडीला धोका राहिला असता, एवढे मात्र म्हणता येते.

दुखावलेल्या मित्राचे वर्तन

पराभवानंतर जे घडले, ते मराठी वाचकाने आवर्जून लक्षात ठेवावे असे आहे. पानिपताहून जीव वाचवून पळालेले, जखमी, उघडेवाघडे हजारो लोक जाटांच्या मुलखात पोहोचले. सुरजमल आणि राणी किशोरी यांनी त्यांना अन्न, वस्त्र आणि औषधोपचार दिले व ग्वाल्हेरच्या वाटेला लावले. अब्दालीचा रोष ओढवण्याचा धोका पत्करून त्यांनी हे केले. बाजीराव-मस्तानीचे पुत्र समशेरबहाद्दर यांनी जखमांमुळे अखेरचा श्वास घेतला तो याच मुलखात.

सुरजमल यांनी जून १७६१ मध्ये आग्रा जिंकले आणि डिसेंबर १७६३ मध्ये नजीबखानाविरुद्धच्या लढाईत ते पडले. हा ऋणानुबंध त्यांच्यानंतरही टिकला. १८०५ मध्ये इंग्रजांनी पाठलाग केलेल्या यशवंतराव होळकरांना सुरजमल यांचे पुत्र रणजितसिंह यांनी भरतपुरात आसरा दिला. जनरल लेकने भरतपूरवर चार हल्ले चढवले आणि चारही वेळा त्याला माघार घ्यावी लागली.

आजचा संदर्भ

युद्धात बरोबर असलेल्या मित्राला नेत्याने कसे वागवावे, हा प्रश्न अठराव्या शतकापुरता मर्यादित नाही. २८ फेब्रुवारी २०२५ रोजी व्हाइट हाउसमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प आणि युक्रेनचे अध्यक्ष व्होलोदिमिर झेलेन्स्की यांच्यात कॅमेऱ्यांसमोर खडाजंगी झाली. ठरलेला खनिज करार न होताच झेलेन्स्की परतले. पाठोपाठ अमेरिकेने लष्करी मदत आणि गुप्त माहितीची देवाणघेवाण थांबवली. युरोपभर चिंतेचे वातावरण पसरले. जेद्दाह येथील चर्चेनंतर ११ मार्च रोजी मदत पूर्ववत करण्याचे जाहीर झाले आणि ३० एप्रिलला करारावर सह्याही झाल्या. तिथे तुटलेले बोलणे काही दिवसांत पुन्हा जोडता आले. १७६० मध्ये मात्र यमुनेच्या पाण्याने आणि अब्दालीच्या फौजेने ती संधी मिळू दिली नाही.

घोडबंदरच्या टेकडीवरून खाडीपलीकडचा वसईचा मुलूख दिसतो. चिमाजीअप्पांनी तो जिंकला, त्यात गंगाजी नाईक आणि अंताजी कावळे यांच्यासारख्या स्थानिकांच्या शब्दाला वजन होते. त्यांच्या पुत्राच्या छावणीत तसाच शब्द घेऊन आलेला माणूस परत गेला. पानिपतच्या पराभवाची कारणे अनेक आहेत. त्यांतील हे एक कारण मराठ्यांच्या स्वतःच्या हातचे होते.

घटनाक्रम

१७३७ : घोडबंदरचा किल्ला मराठ्यांकडे
मे १७३९ : वसई सर
मार्च १७५४ : कुंभेरच्या वेढ्यात खंडेराव होळकरांचा मृत्यू
१० जानेवारी १७६० : बुराडी घाटावर दत्ताजी शिंदे धारातीर्थी
मार्च १७६० : परतूरहून भाऊंचे उत्तरेकडे प्रस्थान
ऑगस्ट १७६० : दिल्लीचा किल्ला ताब्यात, पाठोपाठ सुरजमल यांचे निर्गमन
१७ ऑक्टोबर १७६० : कुंजपुरा सर
१४ जानेवारी १७६१ : पानिपतची लढाई
२३ जून १७६१ : नानासाहेब पेशव्यांचे पुण्यात निधन